आ-शुईची लाल रेषा आणि माझं तोंड

तैवानातल्या आमच्या हुवेईत माणसाची ओळख करून द्यायची म्हणजे तो सकाळी काय खातो, कोणाला घाबरतो आणि त्याच्या गाडीत कोणती गाणी वाजतात, एवढं सांगितलं की पुरतं. तू छिंग-शुई ('तू' हे आडनाव), म्हणजे आमचा आ-शुई, सकाळी मुळ्याच्या वड्या खातो, बायकोला घाबरतो, आणि त्याच्या गाडीत एकही गाणं वाजत नाही. गावातल्या यच्चयावत गाड्यांना ज्याने कंठ दिला त्याची स्वतःची गाडी मुकी. विचारलं तर म्हणतो, "दिवसभर लोकांची ऐकतोच की दादा. घरी जाताना जरा कान वाळत घालतो."

साखर कारखान्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. गाड्यांचे टेप, रेडिओ, स्पीकर बसवायचं. एकतीस वर्षं झाली. दुकान कसलं, खोका. आत माणूस आणि त्याची सावली एका वेळी मावत नाहीत. खरं काम चालतं रस्त्यावर. गाडी दारासमोर लागते, आ-शुई दार उघडून उताणा आत शिरतो, डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय गल्लीत. मी त्याला ओळखतो चेहऱ्यापेक्षा तळव्यांवरून. डाव्या टाचेला भेग आहे.

मी लाय. चाळीस वर्षं निळ्या छोट्या ट्रकमधून ताइपेच्या बाजारात कोबी पोचवला. कोबी गप्प असतो, म्हणून गाणी लागायची. आणि गाणी लागायची म्हणून आ-शुई लागायचा. त्याच्या एकतीस वर्षांतल्या डोकेदुखीचा हिशेब मांडला तर निम्मी माझ्या नावावर निघेल. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण लपवूनही उपयोग नाही, गाव सांगतंच.

थोरल्या मुलाने एका नववर्षाला बोटाएवढं गाणी वाजवायचं यंत्र दिलं. ट्रकमध्ये तर कॅसेटचा टेप. आ-शुईने एक पोकळ कॅसेट दिली, तिला वायर. कॅसेट टेपमध्ये सारायची, वायर यंत्रात खुपसायची, की गाणं सुरू. मी घरी नेली, निरखून पाहिली, आणि वायर कापून टाकली. नव्या शर्टाला किंमतीची चिठ्ठी लोंबत असते ना, तसं काहीतरी असावं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो, की फसवलंस, नुसती करकर वाजते. आ-शुईने ते तुटकं टोक बराच वेळ हातात धरलं.

"दादा, ही शेपूट नव्हती. नाळ होती."

मग त्याने सिगरेट पेटवायच्या भोकात बसणारं एक बोंडूक दिलं. यंत्रातलं गाणं ते हवेत सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. रेडिओचा काटा मोकळ्या जागी लावायचा, एवढंच. मी लावला तो नेमका चोरून औषधं विकणाऱ्या एका स्टेशनच्या बोकांडी. चढावर माझं गाणं लागे, उतारावर त्यांचा वैद्य. गाणं विरहाच्या ऐन टोकाला पोचावं आणि वैद्याने विचारावं, "रात्री किती वेळा उठता?" मी महिनाभर त्याला उत्तर देत होतो: तीनदा. शेवटी गोळ्यांचे दोन डबे मागवले. माझी बायको म्हणाली, "म्हाताऱ्या माकडा, रेडिओशी बोलतोस ते बोल, निदान त्याच्याकडून खरेदी तरी करू नकोस."

आणि मग आलं ब्लूटूथ. वायर नाही, बोंडूक नाही. फोन आणि गाडी एकमेकांना ओळखतात आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मला ते जमणं कठीणच होतं.

आ-शुईचा एक नियम होता. फोन गाडीला जोडून द्यायचे तो पैसे घेत नसे. "वायर लावली तर पैसे. बोटाने दाबायचे पैसे घ्यायला मी काय मालिशवाला आहे?" पण गिऱ्हाइकाने त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने तीनदा जोडून दाखवल्याशिवाय तो गाडी सोडत नसे. जोडायचं, तोडायचं, पुन्हा जोडायचं. गावचा डॉक्टरही त्या गल्लीत घाम पुसत बसलेला मी पाहिला आहे. मला तीनदा जमवायला एक अख्खी दुपार आणि त्याच्या बायकोने, स्यू-ल्वानने, पाठवलेलं दोन पेले सोयाचं दूध लागलं. फोनवर माझ्या ट्रकचं नाव दिसावं म्हणून त्याने ते भरलं: 'बडबड्या म्हातारा'. मी म्हटलं, बदल. तो म्हणाला, "दादा, गाडीला गाडीचंच नाव दिलंय."

असा हा माणूस. गिऱ्हाईक दिवसाला चार-पाच, त्यातली दोन फुकट. चाललं होतं.

मग एका वसंतात सकाळी रंगाची गाडी आली आणि आमच्या गल्लीच्या दोन्ही कडांना लाल रेषा ओढून गेली. लाल रेषा म्हणजे गाडी उभी करायची नाही. केलीत तर कोणीही फोटो काढून पाठवावा आणि दंडाचं पत्र तुमच्या घरी यावं. आमचे लीचांग, म्हणजे पेठेचे निवडून दिलेले मुख्य, च्यांग योंग-लू. वीस वर्षं तेच. त्यांनी अर्ज करून रेषा आणली होती. म्हणाले, "आग लागली तर बंब कुठून जाणार? मी पेठेच्या जिवाचा विचार करतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. गल्लीच्या तोंडाशी जे पैसे घेऊन गाड्या लावायचं नवं आवार झालं होतं ते च्यांगबाईंच्या भाच्याचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. लग्नकार्याला, मयताला लीचांगच लागतो. त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

आ-शुईच्या दारात गाडी उभी राहीना. भाच्याच्या आवारात 'दुरुस्तीस मनाई' अशी पाटी. मध्य शरदाच्या सणापर्यंत दुकानात येणारा मी एकटा उरलो, आणि मी कधीच कामाचं गिऱ्हाईक नव्हतो. आ-शुईने घरमालकाला सांगून टाकलं, की नव्या वर्षापर्यंत रेषा गेली नाही तर किल्ली परत.

मी म्हटलं, "लीचांगच्या निवडणुकीला उभा राहा. निवडून ये आणि रेषा पूस."

"दादा, मला चार माणसांसमोर बोलता येत नाही."

"बोलायचं कशाला? नाव तुझं, तोंड माझं."

"मग निवडून कोण येणार?"

स्यू-ल्वान गल्लीच्या टोकाला न्याहारीची गाडी लावते. अंड्याची पोळी उलटता उलटता ती म्हणाली, "उभा राहा. हरलास तर दुकान जाईल. नाही राहिलास तरी जाणारच आहे. मग घरात बसून जाण्यापेक्षा उभं राहून जाऊ दे." तिने उलथनं त्याच्याकडे रोखलं होतं, त्यामुळे प्रश्न मिटला.

मतपत्रिकेवर त्याला दोन नंबर मिळाला. प्रचाराची गाडी माझा ट्रक. टपावर दोन भोंगे, आत अँप्लिफायर, मध्येमध्ये मला ओरडायला एक माईक, आणि सगळं माझ्या फोनला जोडलेलं. फोनमध्ये स्यू-ल्वानच्या आवाजातलं भाषण: "नमस्कार मंडळी, दोन नंबर, तू छिंग-शुई, तुमच्याच गल्लीतला..." आधी आ-शुईचाच आवाज भरला होता, पण त्यात सुरुवातीचं खाकरणं एवढं लांबलं की भाषणाला जागा उरली नाही.

त्याने मला बजावलं, "दादा, नीट ऐका. फोन आला तर तो भोंग्यातून जाईल. बाहेर पडण्याआधी फोन विमानाच्या खुणेवर टाकायचा. म्हणजे गाणं वाजेल, फोन येणार नाही. करून दाखवा."

मी तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा बरोबर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

चार दिवस मी पेठेतल्या गल्ल्या अशा फिरलो की कुत्रीसुद्धा दोन नंबरला मत देतील असं वाटावं. पाचव्या दिवशी, मतदानाला तीन दिवस असताना, भूमिदेवाच्या देवळासमोर वडाखाली ट्रक लावला, भाषण थांबवलं आणि केळीच्या पानातला भात सोडला. चार दिवस माझा फोन लागत नव्हता. ताइनानची माझी धाकटी बहीण आ-मी नक्की रागावली असणार, म्हणून मी ती विमानाची खूण जरा काढली. भात गिळेपर्यंत फोन थरथरलाच.

मी काचा वर करून बसलो होतो, माईक पुढ्यात सुरूच. आत आवाज घुमू नये म्हणून आ-शुईने ट्रकच्या आतला स्पीकर तोडून सगळा आवाज भोंग्यांना दिला होता. मी फोन कानाला लावला. बहिणीचा आवाज लांबून, बारीक, कुठल्यातरी विहिरीतून यावा तसा. मी म्हटलं, ताइनानला आज वारा असेल.

"दादा! मेलास की काय? चार दिवस फोन नाही!"

"अगं ओरडू नकोस. प्रचारात आहे. आ-शुईला लीचांग करतोय."

"तो वायरवाला? त्याला काय येतं?"

"काही येत नाही! अर्ज भरायच्या दिवशी ओकला होता भीतीने. बायकोशी भांडण झालं की गिऱ्हाइकाच्या गाडीत झोपतो. एकदा डॉक्टरच्या गाडीत घोरत होता, डॉक्टर बिचारा बसने दवाखान्यात गेला. आणि मजा सांगू? गेली वीस वर्षं हा च्यांगलाच मत देत आलाय!"

"मग तू कशाला त्याच्या मागे?"

"मग काय त्या च्यांगला देऊ? लाल रेषा काय बंबासाठी आहे? भाच्याच्या आवारासाठी आहे! गल्लीतल्या गाड्या हुसकल्या की जातील कुठे? मांजरालासुद्धा कळतं. पण बोलेल कोण? आमची पेठ म्हणजे सगळे दोन्हीकडचं खाणारे. तो मटणवाला ख्वांग, सकाळी माझ्या गळ्यात पडतो, दुपारी च्यांगच्या घरी कलेजी पोचवतो. आणि देवळाची खजिनदारीण, आ-हाव मामी, तिने दोघांनाही सांगितलंय की देवाने तुझंच नाव दिलं. देवाला काय, दोन तोंडं आहेत?"

"ती अजून केस काळे करते?"

"नुसते काळे? परवा पावसात भिजली तर कॉलर निळी!"

एव्हाना वडाखाली माणसं जमली होती. तीस-चाळीस तरी. मला वाटलं, बघा, चार दिवसांच्या मेहनतीला फळ आलं. मी आतून सगळ्यांना हात केला. पुढे उभ्या असलेल्या आ-हाव मामीला तर दोनदा. तिने हात केला नाही. ती डोक्याला रुमाल बांधत होती.

तेवढ्यात काचेवर उलथनं आपटलं. स्यू-ल्वान.

"भावजी! फोन!"

"हो, फोनवरच आहे. जरा थांब वहिनी."

"सगळी पेठ फोनवर आहे!" हेही भोंग्यातून गेलं.

तिथून पुढचं मला सांगवत नाही. म्हणजे सांगवतं, पण बायकोने एवढं गाळायला सांगितलंय.

मी तोंड लपवत दुकानात गेलो. आ-शुई दारातल्या स्टुलावर बसला होता. दोन गल्ल्या पलीकडे त्याने शब्दन्‌शब्द ऐकला होता. मी म्हटलं, "आ-शुई, मार मला."

त्याने विचारलं, "दादा, आवाज फाटत नव्हता ना?"

"नाही रे. स्वच्छ होता."

"मग ठीक." पुढ्यातल्या मुळ्याच्या वड्या गार झाल्या होत्या. त्या बाजूला सारून म्हणाला, "डॉक्टर बसने गेले होते, हे मला माहीत नव्हतं. माफी मागायला हवी."

दुसऱ्या दिवशी च्यांगची गाडी फिरू लागली: "एक नंबर! आम्ही मतदारांची निंदा करत नाही!" ख्वांग मटणवाल्याने मला हाडं विकायचीसुद्धा बंद केली. आ-हाव मामीने देवळात सांगितलं, की देवाने निर्णय बदलला. माझ्या हिशेबाने आमची साठ मतं गेली. पण दुसरीकडे, च्यांग जिथे जाई तिथे कोणी ना कोणी विचारी, "लीचांग, भाच्याचं आवार कसं चाललंय?" वीस वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता, उत्तराची सवयच नव्हती. ते रागावले. आमच्या पेठेत चोरी खपते, रागावणं खपत नाही.

मतदानाच्या दिवशी मी न्हाऊन, नवा स्वेटर घालून शाळेत गेलो. रांगेत माझ्या पुढे बायको. तिचं नाव सापडलं. माझं सापडेना.

यादीवरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला घरी मतदानाचा कागद आला होता का?"

"हिचा आला. माझा टपालात हरवला असेल."

तिने माझं ओळखपत्र उलटं केलं. मागे पत्ता. "काका, तुम्ही ताइचुंगला राहता."

"मी? मी चौऱ्याहत्तर वर्षं इथे राहतो! तुझ्या आजोबांना विचार!"

आणि मग बायकोचा चेहरा पाहिला आणि आठवलं. धाकट्या नातवाला ताइचुंगच्या चांगल्या शाळेत घालायचं होतं. त्या वस्तीत कुटुंबाची नोंद हवी. मुलाच्या साडूचं तिथे घर होतं. म्हणून गेल्या वर्षी कागदोपत्री नातवाबरोबर मी तिकडे राहायला गेलो होतो. सही केली, आणि दाराबाहेर पडता पडता विसरलो. इतके दिवस घसा फोडून दुसऱ्यांकडे मतं मागितली, आणि माझं स्वतःचं मत साठ किलोमीटरवर नातवाच्या दप्तरात.

"हळू बोल," मी बायकोला म्हटलं.

ती हळू बोलली नाही. तिला भोंगा लागतच नाही.

संध्याकाळी मोजणी. फळ्यावर रेघा वाढत होत्या, पाच-पाचच्या खुणांनी. एक नंबर, दोन नंबर, एक नंबर, दोन नंबर. शेवटची मतपत्रिका दाखवली आणि रेघा ओढणाऱ्या बाई फळ्याकडे बघतच राहिल्या. तीनशे सत्त्याऐंशी. आणि तीनशे सत्त्याऐंशी.

वर्गाच्या खिडकीत साठ-सत्तर माणसं दाटली होती. मग एकेक मान माझ्याकडे वळली. जन्मभर लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून धडपडलो; त्या संध्याकाळी कळलं की ती काही विशेष सुखाची गोष्ट नाही.

ख्वांग म्हणाला, "लायबाबा, ताइचुंगला हवा कशी आहे?"

मतं समसमान पडली की आमच्याकडे चिठ्ठी काढतात. चार दिवसांनी नगर कार्यालयात दोन चिठ्ठ्या पेटीत टाकल्या, एक कोरी आणि एक 'निवडून आला' असं लिहिलेली. ते चार दिवस आ-शुईने दुकान आवरण्यात घालवले. वायरींची वेटोळी करून खोक्यांत भरली, खोक्यांवर नावं लिहिली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "दादा, तुम्ही नुसते बसा. तुम्ही हात लावलात की मला परत मोजावं लागतं."

आधी च्यांगने हात घातला. त्यांची चिठ्ठी कोरी. कार्यालयातला माणूस आ-शुईला म्हणाला, "आता तुमची काढा." आ-शुई म्हणाला, "त्यांची कोरी आहे ना, मग कशाला..." स्यू-ल्वानने त्याला मागून कोपर मारलं. त्याने हात घातला. डॅशबोर्डखाली वायर शोधावी तसा, पार कोपरापर्यंत. चिठ्ठी काढून त्याने न बघता बायकोला दिली.

"निवडून आलास, मुडद्या," ती म्हणाली आणि तिथेच रडली.

मला वाटलं, आता उद्या सकाळी रंग खरवडणारा. कसलं काय! लीचांग झाल्यावर आ-शुईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे अग्निशामक दलाचा बंब बोलावला. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या करून बंब घालून पाहिला. अडकला. एका बाजूच्या काढल्या. हातभर जागा सोडून गेला. म्हणजे च्यांगचं म्हणणं निम्मं खरं होतं, आणि निम्मी रेषा हवीच होती. आता कोणत्या बाजूची? बंबाच्या माणसाने बोट दाखवलं. आगीच्या पाण्याचा लाल नळ आ-शुईच्या दाराला लागून आहे. त्याच्यासमोर गाडी लावता येत नाही, लीचांग कोणीही असो.

मी ओरडलो, "अरे गाढवा, नळ दोन हात सरकवून घे! आता सही तुझीच आहे ना?"

"दादा, आग लागली तर पाण्याला काय सांगू, मी निवडून आलोय म्हणून?"

स्यू-ल्वानने कपाळावर हात मारून घेतला. पण सांगते कोणाला. उभं तिनेच केलं होतं.

समोरच्या बाजूची रेषा खरवडली गेली. आ-शुईच्या दारातली राहिली. नववर्षाच्या आधी त्याने खोकी पुन्हा उघडली, आणि किल्ली त्याच्याच कमरेला राहिली. आता गाड्या समोर लागतात, आणि आमचे लीचांग दिवसातून पन्नासदा दातांत वायर धरून गल्ली ओलांडतात. तळवे अजून दिसतात, पण पलीकडच्या बाजूला.

दुकान पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मी संत्र्यांची पेटी घेऊन अभिनंदनाला गेलो. सवयीने ट्रक लावला त्याच्या दारात. संत्री उतरवली, चहा झाला, अर्धी पेठ उलटीपालटी करून झाली. आठ दिवसांनी दंडाचं पत्र आलं, ताइचुंगच्या पत्त्यावर, फोटोसकट. नव्या लीचांगच्या कारकिर्दीतला त्या रेषेवरचा पहिला दंड माझा. फोटो च्यांगच्या खिडकीतून काढलेला आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. तसा कोन बघितला तर स्यू-ल्वानच्या न्याहारीच्या गाडीवरूनच तो नीट येतो; पण हे मी तिच्यासमोर बोलत नाही, आणि फोनवर तर मुळीच नाही.